वाटसरूचा विसावा, घरधनिणीचा रविवार

गेल्या काही वर्षांत आपल्या किनाऱ्याने पायी चालत जाणारी माणसे दिसू लागली आहेत. पाठीवर भलीमोठी पिशवी, हातात काठी, पायांत जाड बूट आणि उन्हाने रापलेला चेहरा. रेवस किंवा मांडव्याच्या धक्क्यावर बोटीतून उतरायचे आणि वाळू, कातळ, पायवाट, डांबरी रस्ता असे जे समोर येईल ते तुडवीत दक्षिणेस निघायचे, असा त्यांचा क्रम. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा. कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडून कोर्लई. पुढे काशीद, नांदगाव, मुरूड. आगरदांड्याहून बोटीने दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला सावित्रीची खाडी ओलांडली की जिल्हा संपतो आणि रत्नागिरीची हद्द लागते. यांपैकी कोणी शहरातील नोकरीतून रजा काढून आलेला असतो, कोणी नुकताच निवृत्त झालेला, कोणी महाविद्यालयातला तरुण. का चालता, असे विचारले तर बहुतेकांना नीट उत्तर देता येत नाही, आणि ते मला त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते.

चार-सहा दिवस चालून झाले की ही मंडळी मुरूड किंवा श्रीवर्धनसारख्या मोठ्या गावी एक दिवसाचा मुक्काम वाढवितात. त्या दिवशी चालायचे नाही. घामाने खारटलेले कपडे धुवायचे, पायांच्या फोडांना मलम लावायचे, तुटलेला पट्टा शिवून घ्यायचा, बाजारातून पोहे, चणे, गूळ, खजूर आणि काडेपेटी भरून घ्यायची, दोन वेळा पोटभर जेवायचे आणि मध्ये झोपायचे. एरवी पहाटे उठणारा माणूस त्या दिवशी उन्हे अंगावर येईपर्यंत पडून राहतो.

या एका दिवसात तत्त्वचिंतनाला काय जागा आहे, असे वाचकांना वाटेल. मला मात्र त्यात एक अवघड नैतिक प्रश्न दडलेला दिसतो, आणि तो चालणाऱ्यापेक्षा आपल्यासारख्या घरी बसलेल्यांना अधिक लागू आहे. चालणारा थांबतो तेव्हा त्याच्या थांबण्याचा भार कोणी तरी उचलतो. तो भार न्यायाने वाटला गेला आहे काय?

त्याआधी चालणाऱ्याच्या मनातली एक शंका दूर केली पाहिजे. ध्येयाकडे निघालेल्या माणसाला वाटेत थांबण्याचा अधिकार आहे की नाही, हीच ती शंका. थांबणे म्हणजे कच खाणे, अशी टोचणी निश्चयी माणसांना फार असते. रायगड जिल्ह्याने देशाला दिलेला सर्वांत मोठा पदयात्री म्हणजे विनोबा भावे. १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मलेले विनोबा १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्लीला भूदानाच्या कामास लागले आणि पुढे बारा-तेरा वर्षे चालत राहिले. पहाटेच्या अंधारात निघायचे, रोज नवे गाव, रोज नवा मुक्काम. परंतु १९५२ च्या डिसेंबरात तेव्हाच्या बिहारमधील चांडिल येथे मलेरियाने त्यांना अंथरुणाला खिळविले. आरंभी औषध घ्यायलाही ते तयार नव्हते. पुढे सहकाऱ्यांच्या व देशातील नेत्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते घेतले, आणि यात्रा काही आठवडे तेथेच अडली. इतक्या कठोर व्रतस्थालाही देहाने आपला हिशेब चुकता करायला लावला. देह म्हणजे ओझ्याचे गाढव, असे असिसीचे संत फ्रान्सिस विनोदाने म्हणत. त्या गाढवाला आपण फार राबविले, याची जाणीव त्यांनाही आयुष्याच्या शेवटी झाली, असे त्यांच्या चरित्रात येते.

पवित्र शास्त्रात तर वाटेवरच्या विसाव्याचा एक प्रसंग असा आहे की त्यावर अधिक भाष्य करण्याची गरज भासू नये. कोर्लईचे चर्च कार्मेल मातेचे आहे. कार्मेल पर्वत म्हटला की एलिया संदेष्टा आठवतो. कार्मेलाइट संघ तर त्यालाच आपला आध्यात्मिक पूर्वज मानतो. त्या पर्वतावर बआलाच्या पुजाऱ्यांवर जय मिळविणारा हा पराक्रमी पुरुष राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मात्र जीव घेऊन पळताना दिसतो. रानात एक दिवसाची मजल मारून तो एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्यावर काय करतो? त्याची कानउघाडणी करीत नाही, त्याला धीराचे चार शब्दही ऐकवीत नाही. त्याला झोपू देतो. देवदूत येऊन त्याला उठवितो, तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे मडके असते. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा जेवायला सांगतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालत होरेबला पोचतो. देवाचा मंद स्वर ऐकण्याआधी संदेष्ट्याला दोन वेळचे जेवण आणि दोन झोपा मिळाल्या, हे आपल्या प्रवचनांत फारसे सांगितले जात नाही, सांगितले जावे. थकलेल्या माणसाला उपदेशाआधी जेवण हवे असते, हे शास्त्राने इतक्या सहजपणे मान्य केले आहे की चालणाऱ्याच्या विसाव्याबद्दल शंका घेण्याचे काही कारण उरत नाही.

परंतु एलियाची भाकर देवदूताने भाजली होती. श्रीवर्धनला ती कोणी तरी बाई भाजते.

खरा प्रश्न येथे सुरू होतो. पाच-पन्नास किलोमीटरच्या वाटेवर गावोगावी आता ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या दिसतात. ‘घरगुती’ या शब्दाचा अर्थ आपण कधी उकलून पाहिला आहे काय? घरगुती म्हणजे ज्यासाठी वेगळा पगारी माणूस ठेवलेला नाही असे. नारळ घरधनीणच खवते, वाटण तीच वाटते, मासळी तीच साफ करते, तांदळाच्या भाकऱ्या तीच थापते, पाहुणे बाहेर पडले की चादरी तीच बदलते. पाहुण्यांना या घरगुतीपणाचे अप्रूप असते. शहरातल्या हॉटेलात जे पैसे देऊन मिळत नाही ते येथे मिळाले, असे ते कौतुकाने सांगतात. त्यांचे कौतुक खोटे नसते. पण ज्या गोष्टीचे कौतुक होते ती गोष्ट म्हणजे एका बाईची न मोजलेली मेहनत असते.

ही व्यवस्था आजची नव्हे. आपल्या किनाऱ्यावर उतरून पुढे खुष्कीच्या वाटेने गेलेल्या ज्या परदेशी प्रवाशांची नोंद आहे, त्यांत रशियातील त्वेर शहरचा व्यापारी अफनासी निकितीन हा एक ठळक माणूस. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी, विकायचा एक घोडा घेऊन तो चौल बंदरात उतरला. २००२ साली रेवदंड्याला त्याचे स्मारक उभारण्यात आले आहे. चौलहून तो पाली, उमरी करीत जुन्नरला गेला; तेथे पावसाळ्याने त्याला गाठले आणि त्याचा मुक्काम दोन महिने लांबला. वाटसरूच्या सक्तीच्या विसाव्याचे याहून जुने उदाहरण आपल्या भागात शोधणे कठीण. या माणसाने आपल्या टिपणांत एक साधी गोष्ट टिपून ठेवली आहे: या देशात परदेशी व्यापारी धर्मशाळांत उतरतात, आणि त्यांचा स्वयंपाक व अंथरूण-पांघरूण तेथल्या बायाच पाहतात. पुढे तो आणखीही काही लिहितो, ते या पानांवर सांगण्याजोगे नाही. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसालाही जी गोष्ट नोंदवावीशी वाटली ती आपल्याला अंगवळणी पडल्यामुळे दिसत नाही.

निकितीनची आणखी एक व्यथा या विषयाशी जोडलेली आहे. त्याची धर्मपुस्तके वाटेत, व्होल्गा नदीच्या मुखाजवळ, लुटारूंनी नेली होती. परिणामी आज कोणता सण, उपास केव्हा सुरू होतो, पुनरुत्थानाचा रविवार कोणता, हे त्याला कळेनासे झाले. भोवती मुसलमान व हिंदू लोक. त्यांच्या सणांवरून आणि आकाशातील खुणांवरून तो आपल्या सणांचा अंदाज बांधी आणि पुन्हा पुन्हा विलाप करी. जुन्नरला तेथल्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर सोन्याची नाणीही देतो, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. निकितीन बधला नाही. एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने मध्यस्थी करून त्याला सोडविले. अशा कसोटीला उतरलेला हा माणूस घोड्यासाठी किंवा पैशासाठी जितका रडला नाही तितका आपला ईस्टर हरवला म्हणून रडला. मायदेशी परतताना, आपले गाव गाठण्याआधीच, तो मरण पावला.

चालणाऱ्याचा रविवार असा हरवू शकतो. परंतु त्याला तो हरवल्याचे दुःख तरी होते. ज्या घरात तो उतरला त्या घरातल्या बाईचा रविवार दर आठवड्याला हरवतो, आणि त्याचे दुःख कोणाच्या टिपणात उतरत नाही. शनिवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याची माणसे येतात, रविवारी दुपारचे जेवण करून परततात. पायी चालणाराही पुष्कळदा याच दोन दिवसांचा हिशेब करून मुक्काम टाकतो, कारण त्याला भेटायला घरची माणसे किंवा मित्र सुटीच्या दिवशीच येऊ शकतात. म्हणजे इतरांच्या सुटीचा दिवस हाच किनाऱ्यावर सर्वांत अधिक राबण्याचा दिवस. सकाळची मिस्सा सुरू होते त्याच वेळी न्याहारीची घाई असते.

विश्रांतीची आज्ञा आपण लहानपणी पाठ केली आहे. ती पवित्र शास्त्रात दोनदा येते, आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण वेगवेगळे दिले आहे, हे मात्र आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? निर्गमाच्या पुस्तकात देवाने सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण आहे. अनुवादाच्या पुस्तकात कारण बदलते. तेथे इस्राएलला आठवण करून दिली जाते की तू मिसर देशात दास होतास. म्हणून तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्याइतकाच विसावा मिळाला पाहिजे. विसावा घेण्याची ही आज्ञा बारकाईने पाहिली तर विसावा देण्याची आज्ञा ठरते. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, अशी त्यात सगळी यादी आहे. यादीत एक नाव नाही. पत्नीचा उल्लेख नाही. ‘तू’ या शब्दात तीही आलीच, असे भाष्यकार सांगतात, आणि ते मला मान्य आहे. पण व्यवहारात तिला ‘तू’मध्ये किती घरांनी मोजले, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे.

रविवारची सुटी आपल्याकडे आकाशातून पडलेली नाही. ती मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागून, भांडून मिळविली. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगार जमले. त्या सभेत कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. खंडोबाचा वार म्हणून रविवार बहुजन समाजाला आधीच जवळचा होता. पुढच्याच वर्षी, मे १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र काढून कामगाराच्या रविवारच्या विसाव्याचा हक्क ठामपणे मांडला. परळच्या चाळीतील सत्यशोधक आणि रोममधील पोप यांनी एकाच सुमारास एकाच हक्काची मागणी करावी, हा योगायोग मला फार आवडतो. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रभुवाराविषयी लिहिलेल्या ‘दिएस दोमिनी’ या पत्रातही विसाव्याचा संबंध माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेला आहे. आणि ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर नेमका आपलाच प्रश्न हाताळला आहे: काही लोकांना रविवारी काम करावे लागणारच, हे तेथे मान्य केले असून, आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचा प्रभुवार हिरावला जाईल अशी अनावश्यक मागणी ख्रिस्ती माणसाने करू नये, असा त्याचा आशय आहे.

‘अनावश्यक’ या शब्दावर सगळे अडते. चाळीस किलोमीटर चालून आलेल्या माणसाला जेवण अनावश्यक आहे, असे कोण म्हणेल?

आणि दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनच्या वाड्यांतील नारळी-पोफळी हजारोंनी आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव दूरवर होते; पण पोफळ आज लावली म्हणून उद्या फळ देत नाही, तिला वर्षे लागतात. मधल्या काळात घर कशावर चालवायचे? ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांच्यापैकी अनेकांना पाहुण्यांच्या खोल्यांनी तारले. तेव्हा रविवारी पाहुणे घेऊ नका, असा उपदेश त्यांना करणे म्हणजे भरल्या पोटाने उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. त्या बाईला विचारले तर तीच सांगेल की पाहुणे यावेत. चालणारा माणूस संकोचाने तिच्या दारावरून पुढे निघून गेला तर त्याने तिच्यावर काही उपकार केले असे होत नाही. तिची दोन जेवणे बुडतात, एवढेच.

म्हणून मला पैसे देऊन राहण्यात काही गैर वाटत नाही. गैर वाटते ते पैशाने सगळे ऋण फिटते, ही समजूत. दर ठरला, रक्कम हातावर ठेवली, आता मला मागण्याचा हक्क आहे, अशी वृत्ती झाली की पाहुणा ग्राहक होतो आणि घरधनीण यंत्र. पुण्याला आषाढीच्या वारीचा मुक्काम ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात दोन रात्री थांबते. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर दिवे घाटाची चढण अजून पुढे असते. हा मुक्काम म्हणजे वारकऱ्यांचा विसाव्याचा आणि शिधा भरून घेण्याचा दिवस. त्या दिवशी शहरातले चर्मकार त्यांच्या चपला शिवून देतात, नाभिक दाढी करून देतात, डॉक्टर पाय तपासतात, आणि यांतले कित्येक जण एक पैसाही घेत नाहीत. येथेही एकाच्या विसाव्यासाठी दुसरा राबतोच. पण राबणारा आपल्या इच्छेने राबतो, वर्षातून एकदा राबतो, आणि वारकरी त्याला माउली म्हणून वाकून नमस्कार करतो. हे तीन भेद लहान नाहीत. दर आठवड्याला, नाइलाजाने आणि कोणाच्या नजरेत न येता राबणे ही निराळी गोष्ट आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींना हा प्रश्न चांगलाच परिचित होता, कारण त्यांच्याकडे पायी फिरणारे प्रेषित व यात्रेकरू सतत येत. पहिल्या-दुसऱ्या शतकातील ‘दिदाखे’ नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये हाती लागली. तिच्यातले नियम वाचताना हसू येते आणि शहाणपणही दिसते. कोणी प्रेषित आला तर त्याचे प्रभूसारखे स्वागत करावे. त्याने एक दिवस राहावे, गरज पडली तर दुसराही. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा समजावा. जाताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी, पैसे मागितले तर तोही खोटा. साध्या वाटसरूला दोन-तीन दिवसांची मुभा आहे. त्याहून अधिक राहायचे तर त्याने काम करून खावे. आतिथ्याला मर्यादा घालणे म्हणजे प्रेम कमी असणे, असे त्या लोकांना वाटले नाही. यजमानही माणूस आहे, त्याचे पीठ संपते, त्याची पाठ दुखते, हे त्यांनी ओळखले होते. पुढच्या मुक्कामापुरती भाकर, हे माप मला फार नेमके वाटते. चालणाऱ्याच्या पिशवीला आणि त्याच्या मागण्यांनाही ते लावून पाहावे.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे ख्रिस्त समजून स्वागत करावे, असे सांगितले आहे. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच प्रकरणात पुढे जे येते ते कमी वाचले जाते. पाहुणे अवेळी येतात आणि मठात त्यांना कधीच तोटा नसतो, म्हणून त्यांचे स्वयंपाकघर वेगळे असावे, म्हणजे इतर बंधूंच्या दिनक्रमात व्यत्यय येणार नाही. त्या स्वयंपाकघरासाठी दोन बंधू वर्षभराकरिता नेमावेत, आणि त्यांना गरज भासली तर मदतनीस द्यावेत, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील. काम नसेल तेव्हा त्यांना दुसरीकडे पाठवावे. किती व्यवहारी दृष्टी ही! ख्रिस्ताचे स्वागत करायचे, पण त्याचा सगळा भार एकाच पाठीवर टाकायचा नाही. आपल्या घरांत अगदी उलट होते. ओटीवर बसून पाहुण्याशी गप्पा मारणे, वाट समजावून सांगणे आणि शेवटी पैसे मोजून घेणे हे घरधन्याचे काम. बाकी उरलेले सगळे तिचे. मार्था आणि मरिया यांच्या कथेवर आपण शेकडो प्रवचने ऐकली. प्रभूने मार्थाला दोष दिला की तिची काळजी वाहिली, यावर मतभेद आहेत. पण त्या दिवशी अखेर जेवण कोणी वाढले, हे लूकने सांगितलेले नाही, आणि लाझारस त्या घरात असेल तर तो काय करीत होता, हेही सांगितलेले नाही.

मार्कच्या सहाव्या अध्यायात प्रभू आपल्या दमलेल्या शिष्यांना एकांतात थोडा विसावा घ्यायला नेतो. त्यांना जेवायलाही सवड झालेली नसते. होडी किनाऱ्याला लागते तो लोक पायी धावत आधीच तेथे येऊन थांबलेले! प्रभूला त्यांचा कळवळा येतो. आणि संध्याकाळी पाच हजारांना भाकरी वाटायचे काम कोणाकडे येते? ज्यांना विसाव्यासाठी आणले होते त्याच शिष्यांकडे. या प्रसंगावरून कोणी म्हणेल की भुकेलेला दारात उभा असताना यजमानाच्या विसाव्याचा प्रश्नच येत नाही. मला तसे वाटत नाही. विसाव्याची हाक प्रभूने मागे घेतली नव्हती. लोकांना निरोप देण्याआधी त्याने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठविले. दया केव्हा तरी विसाव्याच्या आड येणारच. ती दर रविवारी, एकाच माणसाच्या विसाव्याच्या आड येऊ लागली तर मात्र तिला दया म्हणता येणार नाही.

मग करायचे काय? वाटसरूकडून मोठ्या अपेक्षा नाहीत. आपण येणार हे त्याने आधी कळवावे. रविवारचा मुक्काम असेल तर सकाळी त्या घरची माणसे प्रार्थनेला, देवळात किंवा आपल्या सणासमारंभाला जाणार आहेत काय, हे विचारावे, आणि न्याहारी त्याआधी किंवा नंतर घ्यावी. त्या दिवशी पापलेट हवेच, असा हट्ट धरू नये. घरात जे शिजते त्यात एक मूठ तांदूळ वाढवायला सांगावे. आपले ताट आपण धुवावे. रानात स्वतःचे भांडे घासणाऱ्या माणसाला गावात आल्यावर ते जड जाऊ नये. बाजारातली खरेदी त्याने शनिवारीच उरकावी, म्हणजे दुकानदारालाही दुकानाची फळी लावता येईल.

गावाने करायचे ते थोडे अधिक अवघड आहे, कारण त्यात शेजाऱ्यांमधली चढाओढ आड येते. एका वाडीत पाच घरे पाहुणे ठेवीत असतील तर दर रविवारी सकाळी एकाच घरची चूल सगळ्या पाहुण्यांसाठी पेटावी आणि ती पाळी फिरत राहावी, हे अशक्य आहे काय? पाहुणे झोपतील आपापल्या ठिकाणी, न्याहारीला जातील एका घरी. बेनेडिक्ट यांच्या दोन बंधूंची योजना याहून निराळी नव्हती. हिशेबावरून कटकटी होतील, हे मी जाणतो. मासळीच्या वाट्यावरूनही होतात. म्हणून कोणी मासेमारी सोडलेली नाही.

घरात करायचे ते सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. शनिवारी रात्री उशिरा, भर पावसात, न कळविता दोन वाटसरू दारात आले तर त्यांना परत पाठवावे असे मी म्हणणार नाही. दार उघडावे, कोरडे कपडे द्यावेत, जी पेज असेल ती वाढावी. सकाळी त्यांच्यापैकी कोणी ख्रिस्ती असेल आणि मिस्सेची वेळ विचारील, तर घरधनिणीने पदर खोचून चुलीपाशी न थांबता त्याच्याबरोबर चर्चला जावे. मागे भात कोणी टाकायचा, हा प्रश्न तिच्या नवऱ्याने आणि मुलांनी सोडवायचा आहे. त्यांना तो टाकता येत नसेल तर सोमवारपासून शिकायला हरकत नाही. पुढचा शनिवार सहा दिवसांवर आहे.